म्हातारचळ : एका शब्दाचा इतिहास आणि एक कर्तव्य

(१)

कांहीं शब्द असे असतात कीं, ते उच्चारले म्हणजे पुढें विचार करण्याची गरज संपली असें वाटूं लागतें. ‘म्हातारचळ’ हा त्यांपैकीं एक होय. घरांतील वृद्ध माणूस तेंच तें पुनःपुन्हां विचारूं लागलें, जेवून उठल्यावर ‘मला आज कोणी वाढलेंच नाहीं’ अशी शेजाऱ्यांकडे तक्रार करूं लागलें, किंवा पेटीची किल्ली स्वतःच कोठें तरी ठेवून सुनेवर चोरीचा आळ घेऊं लागलें, कीं घरचीं माणसें एकमेकांकडे पाहून हा शब्द हळूच उच्चारतात. आणि ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण त्यावर शिक्कामोर्तब करते. शब्द सांपडला म्हणजे कारण सांपडलें अशी मनाची समजूत होते. आणि कारण ‘वय’ हेंच ठरल्यावर उपायाचा प्रश्नच उरत नाहीं. प्रस्तुत लेखांत या शब्दामागील इतिहास थोडक्यांत पाहावयाचा आहे. आमच्या मतें समाज एखाद्या दुःखास ज्या नांवानें ओळखतो, त्या नांवावरच त्या दुःखाचा सांभाळ कोणीं व कसा करावयाचा हें पुष्कळ अंशीं ठरत असतें.

या विषयाकडे आम्ही वळलों तें ग्रंथ वाचून नव्हे. चाळीसगांवीं आमच्या घरीं ज्यांस आम्ही सर्व भावंडें ‘मोठी माय’ म्हणत असूं, त्या आमच्या थोरल्या चुलतीस उतारवयांत हा विकार जडला. गिरणेकांठच्या एका खेड्यांतून लग्न होऊन त्या या घरांत आल्या, तेव्हां त्यांच्या तोंडीं अहिराणी होती. पुढें साठ वर्षें त्या या घराची पुस्तकी मराठीच बोलत राहिल्या. विकार वाढला तशी ही मागाहून शिकलेली भाषा भिंतीच्या गिलाव्याप्रमाणें गळून पडली आणि आंतली मायबोली उघडी झाली. रोज तिन्हीसांजा झाल्या कीं एका फडक्यांत दोन लुगडीं बांधून त्या ओसरीवर येऊन बसत व म्हणत, “माले घर जानं शे.” ज्या घरांत साठ वर्षें काढलीं, त्याच घरांत बसून त्या घरीं जाण्याचा हट्ट धरीत. आम्ही त्यांस समजावीत असूं, “अहो, हेंच तुमचें घर.” त्या आमच्याकडे परक्या माणसाकडे पाहावें तशा पाहत.

याहून मोठी चूक आम्ही दुसरी केली. त्या आपल्या धाकट्या भावाची वाट पाहत व तो केव्हां येणार असें विचारीत. आम्ही प्रत्येक वेळीं प्रामाणिकपणें सांगत असूं कीं, तो वारून तीस वर्षें झालीं. आणि प्रत्येक वेळीं ती वार्ता त्यांस प्रथमच कळत असे. एका भावाचा शोक आम्ही त्यांस शेंकडों वेळां करावयास लाविला. खरें बोलल्याचें समाधान आम्हांस मिळालें, पण त्याची किंमत त्यांनीं दिली. शेवटीं घरीं भाकरी भाजावयास येणाऱ्या एका अशिक्षित बाईनें आम्हांस शहाणें केलें. ती ओसरीवर त्यांच्या शेजारीं जाऊन बसे. “हाव माय” म्हणून त्यांचें म्हणणें मान्य करी. आणि आधीं चहा घेऊं, मग निघूं, असें त्यांच्याच बोलींत सांगे. चहा होईपर्यंत दिवा लागलेला असे, आणि गांठोडें आपोआप सुटलेलें असे. वैद्यकाच्या ग्रंथांत हीच रीत लिहिलेली आहे हें आम्हांस पुष्कळ मागाहून कळलें.

(२)

आपल्या प्राचीनांस हा विकार ठाऊक नव्हता असें नाहीं; परंतु तो त्यांनीं एका ठिकाणीं मांडलेला आढळत नाहीं. सुश्रुतानें भूक, तहान, निद्रा, जरा व मृत्यु यांची गणना स्वभावतःच येणाऱ्या व्याधींत केली आहे. चरकानें बुद्धि, धैर्य व स्मृति यांच्या भ्रंशास प्रज्ञापराध असें नांव देऊन त्यास सर्व दोषांचें मूळ मानिलें. म्हणजे जरा एका खणांत राहिली व स्मृतिभ्रंश दुसऱ्यांत. वृद्ध माणसाची स्मृति कां जाते, व ती जाणाऱ्या सर्वांचीच जाते काय, हा प्रश्न या दोन खणांच्या मधल्या भिंतींत अडकून पडला.

धर्मशास्त्रानें मात्र एका व्यवहारी प्रश्नाचें उत्तर स्पष्ट दिलें. याज्ञवल्क्यस्मृति व तीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा यांच्या मतें उन्मत्त, जड, अंध व असाध्य रोगानें ग्रासलेले यांस वांटणींत हिस्सा नाहीं. परंतु त्यांचें भरणपोषण करणें हें हिस्सा घेणाऱ्यांवर बंधनकारक आहे. हक्क काढून घेतला, पण अन्न तोडलें नाहीं. हा नियम इंग्रजी न्यायालयांतूनही चालू राहिला, व १९२८ सालच्या कायद्यानें जन्मतः वेड असलेल्यांखेरीज इतरांवरील ही वारसाहक्काची बंदी उठली. या नियमांत आमच्या समाजाची एक संपूर्ण वृत्ति सांठविलेली आहे. बुद्धि गेलेल्या माणसास पोसावयाचें, पण विचारावयाचें नाहीं. ताट वाढावयाचें, पण पाटावर त्याचें स्थान ठेवावयाचें नाहीं.

एकत्र कुटुंब होतें तेव्हां वृद्धांची आबाळ होत नसे, असें आपण नेहमीं ऐकतों. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु त्या तथ्याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. पहिली गोष्ट अशी कीं, त्या काळीं एवढें वृद्ध होण्याइतकें जगत होतें कोण? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचें सरासरी आयुर्मान अवघें बत्तीस वर्षांच्या आसपास होतें. आज तें सत्तरीच्या घरांत आहे. ज्या विकाराचें मुख्य कारण दीर्घायुष्य, तो विकार तेव्हां विरळा असणें स्वाभाविक होतें. दुसरी गोष्ट, शेतीच्या घरांत दिवसाचें काम ठरलेलें. गुरांस पाणी दाखविणें, वाती वळणें, धान्य निवडणें, पाळणा हलविणें, अशीं कामें हातांस पाठ असत, आणि हातांच्या आठवणीमागें डोक्याची विस्मृति झांकून जाई. तिसरी गोष्ट सांगावयास कठीण, पण खरी आहे : या सांभाळाचा सर्व भार घरांतील सुनेवर, अथवा जिला दुसरें ठिकाण नाहीं अशा विधवेवर पडे. तिनें तो कसा वाहिला याची नोंद कोणत्याही बखरींत नाहीं. एकत्र कुटुंबाची थोरवी गाणारांनीं तिचें नांव एकदां तरी घ्यावयास हवें होतें.

आणि तरीही या आमच्या खानदेशानें स्मृतीचा मान कमी केला असें कोणी म्हणूं नये. चाळीसगांवापासून पांच-सहा कोसांवर, पाटणादेवीच्या परिसरांत, एक शिलालेख सांपडला; डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो एकोणिसाव्या शतकांत प्रसिद्धीस आणिला. इ. स. १२०७ च्या सुमाराचा हा लेख सांगतो कीं, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालू राहावें म्हणून येथें मठ स्थापिला, व निकुंभ राजांनीं त्यास दानें दिलीं. आजोबांची विद्या विसरली जाऊं नये म्हणून नातवानें केलेली ही तरतूद होय. अगदीं अलीकडे पाहावें तर जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या मुखांतच राहत, व घरच्यांनीं त्या टिपून ठेविल्या म्हणून १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, महाराष्ट्रास त्यांचा संग्रह मिळाला. स्मृतीच्या फळांचा आम्हीं नेहमींच गौरव केला. परंतु स्मृति हरपलेल्या माणसासाठीं मठ कोणी बांधला नाहीं.

(३)

इंग्रजी अमलांत या प्रश्नास एक नवी जागा मिळाली. ती म्हणजे वेड्यांचें इस्पितळ. १८५८ सालच्या कायद्यानें रस्त्यांत भटकणाऱ्या अथवा धोकादायक वेड्यास धरून माजिस्ट्रेटासमोर उभें करण्याचा अधिकार पोलिसांस दिला. पुढें १९१२ सालीं नवा कायदा झाला, आणि तो १९८७ चा कायदा अमलांत येईपर्यंत, म्हणजे सुमारें आठ दशकें, चालला. मुंबईस कुलाब्याचें, नागपुरास, रत्नागिरीस, व १९०१ पासून ठाण्यास नौपाड्याचें, अशीं इस्पितळें उभीं राहिलीं. पुढें येरवड्याचेंही झालें. या सर्वांत खानदेशाचें नांव नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आमच्याकडील माणसास आगगाडींत बसवून घाटाखालीं किंवा देशावर नेल्याखेरीज गत्यंतर नव्हतें, आणि एकदां नेलेला माणूस परत येतो असा अनुभव फारसा नव्हता. म्हणून इस्पितळाचें नांव म्हणजे घरास लागलेला बट्टा अशीच समजूत दृढ झाली. जो वृद्ध घर विसरून रस्त्यास लागला, तो कायद्याच्या दृष्टीनें ‘भटकणारा वेडा’, आणि घरांत राहिला तर ‘म्हातारचळ लागलेला’. या दोन नांवांच्या मध्यें ‘रोगी’ हें नांव कोठेंच नव्हतें.

तें नांव दुसऱ्याच देशांत घडत होतें. चाळीसगांवाहून धुळ्यास जाणारा आगगाडीचा फांटा १९०० सालीं सुरू झाला. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९०१ च्या नोव्हेंबरांत, जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरच्या इस्पितळांत ऑगस्टे डेटर नांवाची एकावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला आपलें नांव लिहितां येईना, वस्तूंचीं नांवें आठवेनात, आणि नवऱ्याविषयीं तिच्या मनांत भलभलते संशय होते. आलोइस आल्झायमर या डॉक्टरानें तिच्याशीं झालेलीं संभाषणें बारकाईनें लिहून ठेविलीं. १९०६ सालीं ती वारल्यावर त्यानें तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां पेशींच्या बाहेर सांचलेलें किटण व पेशींच्या आंत गुंतलेल्या तंतूंच्या गुंडाळ्या त्यास दिसल्या. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ट्यूबिंगेन येथील सभेंत त्यानें हा वृत्तांत वाचला. आणि १९१० सालीं क्रेपेलिन या त्याच्या वरिष्ठानें आपल्या ग्रंथांत या विकारास आल्झायमरचें नांव दिलें.

येथें एक मौजेची, किंबहुना खेदाची गोष्ट आहे. क्रेपेलिननें हें नांव दिलें तें तरुण वयांत होणाऱ्या विकारापुरतें. सत्तरी-ऐंशींतील माणसाची स्मृति गेली, तर तो वार्धक्याचा स्वाभाविक परिणाम, अशी समजूत युरोपांतही पुढें साठ वर्षें टिकली. म्हणजे ज्यास आपण अडाणीपणाची म्हण समजतों, ती ‘साठी बुद्धि नाठी’ पाश्चात्त्य शास्त्रही दुसऱ्या शब्दांत म्हणतच होतें. १९६८ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें ब्लेसेड, टॉमलिन्सन व रॉथ यांनीं वृद्धांचे मेंदू मरणोत्तर तपासले, तेव्हां विस्मृति जितकी अधिक तितकें किटण अधिक, असा संबंध दिसून आला. १९७६ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट कॅट्झमन यांनीं ठासून सांगितलें कीं, म्हातारपणींचा व तरुणपणींचा हा विकार एकच आहे, आणि तो मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकीं एक आहे. वय हें या रोगाचें क्षेत्र आहे. वय हाच रोग नव्हे. एवढें एक वाक्य सिद्ध होण्यास सत्तर वर्षें लागलीं.

(४)

आज या विकारसमूहास ‘डिमेन्शिया’ म्हणतात. मराठींत ‘स्मृतिभ्रंश’ हें नांव रूढ होत आहे. आल्झायमरचा विकार हा त्यांतील सर्वांत मोठा प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यामुळें होणारा दुसरा. याखेरीज आणखीही आहेत. ताज्या आठवणी प्रथम जातात व जुन्या टिकतात, याचें कारण नव्या आठवणी सांठविणारा मेंदूचा भाग आल्झायमरच्या विकारांत आरंभींच झिजतो. म्हणून सकाळचें जेवण आठवत नाहीं, पण माहेरची विहीर आठवते. आणि म्हणूनच ‘घर’ म्हटलें कीं साठ वर्षांचें सासर पुसलें जाऊन बालपणचें खेडें उभें राहतें. मोठ्या मायेचा हट्ट वेडाचा नव्हता. जें घर त्यांच्या स्मृतींत उरलें होतें, तेंच त्या मागत होत्या.

विकार ओळखण्याची आमची रीत किती उसनी आहे याचाही अनुभव आला. एका दवाखान्यांत त्यांस आजची तारीख, सन व मंत्र्याचें नांव विचारण्यांत आलें. ज्या स्त्रीनें जन्मभर तिथि व सणवार यांवर काळ मोजला आणि जिला शाळेचें दार माहीत नाहीं, तिला हे प्रश्न निरोगी असतांनाही अवघड गेले असते. ही अडचण शास्त्रज्ञांच्याही ध्यानीं आली होती. हरियाणांतील बल्लभगड येथें केलेल्या पाहणीसाठीं गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं निरक्षरांस लागू पडेल अशी हिंदी प्रश्नावलि प्रसिद्ध केली, तिचा हेतु हाच होता. अहिराणी बोलणाऱ्या वृद्धेची परीक्षा तिच्या बोलींत व तिच्या जगांतल्या वस्तूंनीं घेतली पाहिजे. पिठाची परात पुढें ठेवली तर याच मोठ्या माय कळण्याची भाकरी अशी गोल थापीत कीं, सुनांनीं पाहत राहावें. तारीख हरपली होती, पण हात शाबूत होते.

देशव्यापी पाहणीच्या आधारें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें साठीवरील भारतीयांपैकीं शेंकडा ७·४ जणांस, म्हणजे सुमारें अठ्ठ्यांशीं लक्ष माणसांस, हा विकार आहे. आणि तो पुरुषांपेक्षां स्त्रियांत, शहरांपेक्षां खेड्यांत व शिकलेल्यांपेक्षां न शिकलेल्यांत अधिक आढळला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या मंडळानें २०२४ सालीं चौदा कारणें मोजलीं. त्यांत बालपणींचें अपुरें शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दृष्टिदोष, एकटेपणा वगैरे येतात. व हीं दूर झालीं तर जवळजवळ शेंकडा पंचेचाळीस विकार टळूं अथवा लांबूं शकतील असा निष्कर्ष काढला. मुलीला शाळेंत घालणें हा तिच्या म्हातारपणावरचा उपाय आहे, असें आमच्या आजोबांस कोणी सांगितलें असतें तर त्यांनीं तें हंसण्यावारी नेलें असतें. परंतु तें खरें आहे.

‘औषध नाहीं’ हें वाक्य सरसकट म्हणणेंही बरोबर नाहीं. विस्मृतीचीं कांहीं कारणें बरीं होण्यासारखीं असतात : थायरॉइड ग्रंथीची मंदता, ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, जी शाकाहारी घरांत नवलाची नाहीं, मनाची खिन्नता, पडल्यामुळें डोक्यांत सांचलेलें रक्त, किंवा झोंपेच्या गोळ्यांचा अतिरेक. म्हणून ‘म्हातारचळ’ म्हणण्यापूर्वीं एकदां तपासणी करवून घेणें हें कर्तव्य होय. मूळ आल्झायमरच्या विकारावर १९९६ पासून डोनेपेझिल व पुढें मेमँटिन हीं औषधें आलीं. तीं लक्षणें कांहीं काळ सौम्य करितात, विकार थांबवीत नाहींत. २०२३ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें लेकानेमॅब हें किटण काढणारें औषध केवळ आरंभींच्या अवस्थेंत उपयोगी पडतें. त्याचा लाभ मर्यादित असून मेंदूस सूज येण्याचा व रक्तस्रावाचा धोका त्यांत आहे. तेव्हां आजही या रोगांत औषधापेक्षां सांभाळ हाच मोठा उपचार ठरतो.

(५)

मग हा सांभाळ कोठें व्हावा? मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणीं स्मृतिचिकित्सालयें, दिवसापुरतीं सांभाळगृहें व या रुग्णांसाठींच चालविलेलीं निवासगृहें आहेत. केरळांत १९९२ सालीं आल्झायमर व तत्सम विकारांसाठीं स्थापन झालेल्या संस्थेनें, जी ए. आर. डी. एस. आय. या नांवानें ओळखली जाते, देशांत अनेक ठिकाणीं शाखा काढून या कामास वळण लाविलें. परंतु तालुक्याच्या गांवीं घर हीच पहिली संस्था, आणि बहुधा शेवटचीही. वृद्धाश्रमांची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. पुण्यास डेव्हिड ससून यांच्या नांवानें निराधार व पंगु जनांसाठीं एकोणिसाव्या शतकांतच आश्रय उभा राहिला, आणि १९९५ पासून महाराष्ट्र सरकारच्या योजनेनें जिल्ह्याजिल्ह्यांत ‘मातोश्री’ वृद्धाश्रम निघाले. मात्र पुष्कळ वृद्धाश्रम स्वतःचें स्वतः आवरूं शकणाऱ्या माणसासच घेतात. म्हणजे ज्यास आश्रमाची गरज सर्वांत अधिक, तोच दारावरून परत फिरतो. म्हाताऱ्या गाईसाठीं पांजरपोळ काढणाऱ्या समाजानें याचा विचार करावयास हवा.

सरकारी बाजूस वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू झाला. जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठीं स्वतंत्र व्यवस्था असावी असा त्याचा हेतु आहे. मनाच्या विकारांसंबंधीं सल्ल्यासाठीं ‘टेलिमानस’चा १४४१६ हा, व ज्येष्ठांच्या अडचणींसाठीं १४५६७ हा दूरध्वनि क्रमांक आहे. २००७ सालच्या कायद्यानें आईबापांच्या निर्वाहाचा दावा प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढें आणतां येतो. म्हणजे याज्ञवल्क्यानें सांगितलेलें भरणपोषण आतां सरकारी शिक्क्यानिशीं मागतां येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें स्मृतीचा गंभीर बिघाडही मानसिक आजाराच्या व्याख्येंत घेतला, आणि शहाणा असतांनाच माणसानें आपल्यावर पुढें कसे उपचार व्हावेत हें लिहून ठेवावें व आपला प्रतिनिधि नेमावा, अशी सोय केली. हिस्सा व अन्न यांपलीकडे जाऊन, बुद्धि गेलेल्या माणसाची इच्छाही मोलाची आहे, हें या देशांतील कायद्यानें प्रथमच इतक्या स्पष्टपणें म्हटलें.

परंतु एक मोठी पोकळी राहिली. जुन्या कायद्यांत अशा माणसाची मालमत्ता पाहण्यासाठीं न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमतां येई. २०१७ च्या कायद्यांत ती तरतूद नाहीं. सामान्य मुखत्यारपत्र घ्यावें, तर १८७२ च्या करारविषयक कायद्याप्रमाणें देणाराची बुद्धि गेली कीं तें संपुष्टांत येतें. यामुळें निवृत्तिवेतन बँकेंत पडून असतांना औषधाला पैसा नाहीं, असा प्रसंग चांगल्या घरांवरही येतो, व उच्च न्यायालयाचें दार ठोठवावें लागतें. आणि हा प्रसंग केवळ गरिबांवर येतो असेंही नाहीं. मुंबईच्या कामगार चळवळींतून पुढें येऊन देशाचे संरक्षणमंत्री झालेले जॉर्ज फर्नांडिस (१९३०–२०१९) यांस आल्झायमरचा विकार जडला. त्यांचा सांभाळ कोणीं करावा हा आप्तांतील वाद २०१० सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेला. ज्यानें एके काळीं सारी मुंबई बंद पाडली, त्याचें म्हणणें काय, हें विचारण्याची सोय तेव्हां उरली नव्हती. म्हणून सुज्ञ वाचकांस आमची विनंती आहे कीं, मृत्युपत्र, बँकेंतील संयुक्त खातें, उपचारांविषयींची इच्छा, हीं सर्व कामें विकाराच्या पहिल्या चाहुलीपूर्वींच करावीं. यांत अशुभ कांहीं नाहीं. आपल्या माणसांवरची ती दया आहे.

घरांतील सांभाळासंबंधीं आमच्या चुकांतून जें शिकलों तें थोडक्यांत सांगतों. वाद घालूं नये. चुकीचें बोलणें सुधारण्यापेक्षां त्यामागील भीति ओळखावी. दिवस ठराविक क्रमानें जाऊं द्यावा. कातरवेळेस अस्वस्थता वाढते, तेव्हां दिवे लवकर लावावे व कोणी तरी जवळ बसावें. हातांस येतें तें काम, मग तें शेंगा सोलण्याचें असो कीं वाती वळण्याचें, काढून घेऊं नये. माणूस बाहेर पडून हरवण्याचा संभव असतो. म्हणून नांव, गांव व दूरध्वनि क्रमांक लिहिलेली पट्टी अंगावर असावी, आणि शेजारी, दुकानदार व रिक्षावाले यांस विकाराची कल्पना द्यावी. आम्हीं दोन वर्षें तो लपविला. सांगितला तेव्हांपासून सारी गल्ली आमची पहारेकरी झाली. माणसास बांधूं नये, कोंडूं नये, व केवळ आपल्या सोयीसाठीं गुंगीचें औषध देऊं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सांभाळणाऱ्या व्यक्तीस आठवड्यांतून कांहीं तास मोकळे मिळाले पाहिजेत. ते घरांतील पुरुषांनीं पाळी लावून द्यावेत, अथवा पगारी सेविका ठेवून द्यावेत. आमच्या घरीं हा भार धाकट्या काकूंनीं सात वर्षें वाहिला. त्या काळांत त्या एकाही लग्नकार्यास गेल्या नाहींत, ही गोष्ट त्यांची पाठ धरली तेव्हांच आमच्या ध्यानांत आली. मोठी माय घर विसरल्या होत्या. आम्ही तर डोळ्यांसमोरचें माणूस विसरलों होतों.

(६)

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या ‘अस्तु’ या चित्रपटांत एक संस्कृत पंडित या विकारानें घर चुकतो व एका हत्तिणीच्या मागें जातो; तेथें त्यास सांभाळते ती हत्तीवाल्याची बायको. मोहन आगाशे यांनीं रंगविलेला तो पंडित पाहतांना आम्हांस आमच्या ओसरीवरील ती भाकरी भाजणारी बाई आठवली. शास्त्रानें नांव दिलें, कायद्यानें हक्क दिला, दोहोंचीही गरज होती. परंतु “हाव माय” म्हणून शेजारीं बसणारें माणूस मिळाल्यावांचून त्या दोहोंचा उपयोग रुग्णापर्यंत पोंचत नाहीं.

आमच्या या गांवानें स्मृति जपण्याचे पुष्कळ प्रकार पाहिले आहेत. पाटणास ती दगडावर कोरली गेली. रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या घरांत वर्षानुवर्षें जवळजवळ एकांतवासांत राहिलेले छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनीं ती चित्रांत व छायाचित्रांत सांठविली, व तें घर आज संग्रहालय होऊन राहिलें आहे. दगड व चित्र यांस जें दिलें, तें जिवंत माणसास देणें आतां बाकी आहे. तालुक्याच्या गांवीं आठवड्यांतून दोन दिवस उघडें राहणारें, चार खुर्च्या, एक परात, थोड्या शेंगा व अहिराणी जाणणारी एक प्रेमळ बाई एवढ्या भांडवलावर चालणारें दिवसाचें सांभाळघर निघणें अशक्य आहे काय? ज्या गांवकऱ्यांनीं वाचनालयें व व्यायामशाळा वर्गणीनें चालविल्या, त्यांस हें जड जाऊं नये.

मोठी माय गेल्या त्या दिवशीं त्यांचें गांठोडें कोणीं सोडावें हा प्रश्न पडला. धाकट्या काकूंनीं तें सोडलें. आंत दोन लुगडीं, एक रिकामी कुंकवाची डबी, व फडक्यांत गुंडाळलेला भाकरीचा वाळलेला तुकडा होता. प्रवासास निघणाऱ्या बाईनें वाटेसाठीं बांधून घ्यावें, तेवढेंच त्यांनीं रोज बांधलें होतें. ज्या स्त्रीस आम्ही बुद्धि गेलेली समजत होतों, ती वाटेची शिदोरी घेण्यास एक दिवसही विसरली नव्हती.